लाल नवा, पिवळा जुना : पानगळीच्या रंगांविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी तोंडावर आली की पानगळीचे रंग पाहायला बाहेर पडणाऱ्यांची पत्रं वाढतात. रंग यंदा फिका का, फोटो बिघडला का, वहीत दाबलेलं पान तपकिरी का झालं, असे वेगवेगळे प्रश्न येतात. पण त्यातले बरेचसे मुळाशी एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे. ते आधी वाचलंत तर पुढची सोपी जातील.

प्रश्न : आमच्या रोजच्या वाटेवर मेपलची दोन झाडं शेजारी शेजारी आहेत, एकाच जातीची. एक लालभडक होतं, दुसरं पिवळ्यावरच थांबतं. आणि जे लाल होतं तेसुद्धा गेल्या वर्षी मळकट दिसलं. असं का?

उत्तर : पिवळा आणि लाल हे रंग पानात दोन निरनिराळ्या वाटांनी येतात. पिवळा जुना असतो, लाल नवा.

पिवळा रंग कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांचा. ती पान उमललं तेव्हापासून त्यात असतात, फक्त हरितद्रव्याच्या दाट हिरव्याखाली झाकलेली. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातला माल आवरायला घेतं. हरितद्रव्य मोडलं जातं, प्रथिनं मोडून त्यातला नायट्रोजन फांद्यांत आणि खोडात परत ओढला जातो. पानातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसपैकी साधारण निम्मा माल असा वाचतो. वरचा हिरवा गेला की खालचा पिवळा उघडा पडतो, एवढंच. त्यासाठी झाडाला वेगळं काही करावं लागत नाही, म्हणून पिवळ्या झाडांचा रंग वर्षागणिक फारसा बदलत नाही.

लाल रंगाचं द्रव्य अँथोसायनिन. बहुतेक झाडांत ते पानगळीच्या तोंडावर नव्यानं तयार होतं आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात : साखर आणि ऊन. दिवसा लख्ख ऊन असेल तर पानात साखर बनत राहते. रात्री पारा ० ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरला, पण गोठला नाही, तर ती साखर पानाबाहेर जायला वेळ लागतो. शिवाय देठाच्या बुडाशी वाहिन्या हळूहळू बंद होत असतात. साखर अडकते आणि लाल चढतो. आठवडाभर ढगाळ राहिलं किंवा रात्री उबदार गेल्या की तोच मेपल मळकट दिसतो. कडक थंडी फार लवकर पडून गोठलं तर पेशीच मरतात, मग लालही नाही आणि पिवळाही नाही, थेट तपकिरी. उन्हाळा कोरडा गेला असेल तर पानं रंग धरायच्या आतच गळतात. तुमच्या लाल झाडाचं गेल्या वर्षी यापैकी काय झालं, हे त्या पंधरवड्याच्या हवामानाच्या नोंदी पाहिल्यात तर कळेल.

दोन झाडांमधला फरक मात्र हवामानाचा नाही. बी पडून वाढलेली झाडं एकाच जातीची असली तरी भावंडांसारखी असतात, जुळ्यांसारखी नव्हेत. लाल बनवण्याची कुवत कुणात जास्त, कुणात कमी. दुसरं कारण उन्हाचं. पिवळं राहणारं झाड इमारतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत आहे का, ते बघा.

उन्हाचा हा परिणाम एका पानावरही सापडतो. लाल झालेल्या फांदीवर अशी जागा शोधा जिथे एक पान दुसऱ्यावर अर्धंमुर्धं टेकलंय. वरचं पान हळूच बाजूला करा. खालच्या पानावर वरच्या पानाचा ठसा दिसेल : झाकलेला भाग पिवळा, उघडा भाग लाल, मधली कड कात्रीनं कापल्यासारखी. जिथे ऊन पोचलं नाही तिथे लाल बनलाच नाही.

प्रश्न : रंग ऐन भरात असताना पोचायचं असेल तर दिवस कसा ठरवावा? आम्ही दरवेळी आठ दिवस लवकर किंवा आठ दिवस उशिरा जातो.

उत्तर : एकच "ऐन भराचा दिवस" धरून बसलात तर हेच होणार. एखाद्या झाडाचा उत्तम रंग फार तर आठ-दहा दिवस टिकतो आणि एक जोराचा वारा तो संपवतो. मिश्र रानात मात्र झाडं पाळीनं रंगतात, त्यामुळे तिथला हंगाम चार-पाच आठवड्यांचा होतो. ॲश आणि बर्च लवकर पिवळे पडतात, मेपल मधल्या टप्प्यावर, बीच आणि ओक मागून. लार्च हा सूचिपर्णी असूनही सुया गाळणारा वृक्ष, तो बहुतेकदा सगळ्यात शेवटी सोनेरी होतो. आल्डरची वाट पाहू नका. तो मुळांवरच्या जिवाणूंकडून नायट्रोजन मिळवतो, त्यामुळे पानांतला नायट्रोजन वाचवायची त्याला घाई नसते आणि तो पानं हिरवीच टाकून देतो.

पानगळ सुरू होते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवर, आणि ती दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. तापमान आणि पाऊस तिला आठवडा-दीड आठवडा पुढेमागे ढकलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेच्या आसपास दहा दिवसांची खिडकी धरावी आणि शेवटचा निर्णय आधीच्या आठवड्यातल्या रात्रीच्या तापमानावर घ्यावा.

तारीख चुकलीच तर उंची मदतीला येते. दर १,००० मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून रंग माथ्यावर आधी येतो आणि उतारावरून खाली सरकतो. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक ढोबळ नियम मांडला होता : अक्षांश एक अंशानं बदलला किंवा उंची ४०० फुटांनी, म्हणजे सुमारे १२० मीटरनी बदलली की निसर्गाचं वेळापत्रक चार दिवसांनी सरकतं. वसंत वर चढत जातो, पानगळ खाली उतरते. प्रत्येक डोंगर हा नियम काटेकोर पाळत नाही, पण त्याचा उपयोग असा करा : उशीर झाला असेल तर खालची वाट घ्या, लवकर आला असाल तर वरची. आणि निवड हातात असेल तर पाच-सहाशे मीटर उंचीचा फरक असलेली एकच वाट घ्या. मग माथ्यावर निष्पर्ण, मध्यावर लाल-पिवळं आणि पायथ्याशी अजून हिरवं, असे तिन्ही टप्पे एकाच दिवसात पाहायला मिळतात. आमच्या मते तारखांचा घोळ घालण्यापेक्षा हे कधीही बरं.

गिंकोसाठी वेगळी सूचना. पहिल्या कडक थंडीनंतर हे झाड जवळजवळ सगळी पानं एका दिवसात, कधी काही तासांतच टाकतं. सकाळी वर पिवळं, दुपारी खाली पिवळं. झाड पूर्ण पिवळं झालंय आणि रात्री गोठण्याचा अंदाज आहे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा.

एकाच झाडाची नोंद ठेवणं हा उशीर टाळायचा सर्वांत खात्रीचा उपाय. जपानच्या हवामान खात्यानं १९५३पासून ठरावीक नमुना झाडांवर अशा नोंदी ठेवल्या आहेत. मेपल लाल होण्याची आणि गिंको पिवळा होण्याची तारीख त्यात असते. तुम्ही घराजवळचं एक झाड निवडा, आठवड्यातून एकदा त्याच जागी उभे राहून अंदाज लिहा : किती टक्के रंगलं, किती टक्के गळलं. दहा टक्के, निम्मं, जवळजवळ सगळं, एवढे तीन टप्पे नोंदले तरी चालतात. तीन वर्षांत तुमचं स्वतःचं पंचांग तयार होईल.

प्रश्न : फोटोत पाहिलेले रंग प्रत्यक्षात फिके वाटतात. आम्ही भर दुपारी जातो, तेव्हाच जमतं.

उत्तर : दुपारचं ऊन पानाच्या वरच्या मेणचट थरावरून परावर्तित होतं आणि डोळ्याला रंगाऐवजी पांढरी चकाकी मिळते. वेळ बदलता येत नसेल तर जागा बदला. सूर्य पाठीशी घेऊन झाडाकडे पाहण्याऐवजी झाड सूर्याच्या आणि तुमच्या मध्ये येईल असे उभे राहा. ऊन पानातून आरपार आलं की पान काचेच्या तावदानासारखं पेटतं, शिरा न् शिरा दिसते. घेराखाली, खोडाला टेकून वर पाहिलंत तर दुपारीही हे साधतं. पोलराइज्ड चष्मा चकाकी कापतो, त्याचा खरोखर फायदा होतो. नुसता रंगीत काचांचा गॉगल मात्र रंग बिघडवतो, तो काढून ठेवा.

ढगाळ दिवसाला कमी लेखू नका. पाऊस पडून गेल्यावर खोडं काळी होतात आणि त्यांच्यासमोर पिवळा दुप्पट उठून दिसतो. संध्याकाळचा मात्र हिशेब ठेवावा लागतो. उजेड कमी होत गेला की डोळ्याची लाल ओळखण्याची क्षमता आधी मंदावते; पुर्किंजे परिणाम म्हणतात तो हाच. सूर्यास्तानंतर लाल झाडं काळपट होतात, पिवळी अजून वेळभर तग धरतात. तेव्हा लाल झाडांकडे आधी जा, पिवळ्यांची वाट परतीसाठी ठेवा.

आणि वेग कमी करा. रोजच्या चालण्याच्या वेगानं रंगाचे फक्त ढीग दिसतात. तासाला एक किलोमीटर, याहून जास्त नको. सोबत दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असेल तर ते पानाजवळ नव्हे, डोळ्याजवळ धरा आणि पान हळूहळू पुढे आणा. लाल पानाच्या पेशी पेशी रंगलेल्या दिसतात. त्यांच्यामधून हिरव्याचे शेवटचे ठिपके शिरांच्या कडेनं उरलेले असतात.

प्रश्न : मोबाइलवर लाल झाडाचा फोटो काढला तर नुसता लाल गोळा येतो, पानं दिसतच नाहीत. आणि पिवळं रान निळसर येतं.

उत्तर : दोन्ही चुका कॅमेऱ्याच्या स्वयंचलित हुशारीच्या. लाल, हिरवा आणि निळा हे तीन भाग कॅमेरा वेगवेगळे मोजतो. उन्हातल्या लाल पानात लाल भाग भरून वाहतो, बाकीचे दोन कोरडे राहतात, आणि एकूण सरासरी ठीक दिसल्यामुळे कॅमेरा गाफील राहतो. भरून वाहिलेल्या भागात शिरा आणि छटा पुसल्या जातात, त्या नंतर परत आणता येत नाहीत. उपाय : पडद्यावर लाल भागाला बोट लावून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.३ ते उणे ०.७ इतकं खाली ओढा. फोटो काढताना किंचित अंधारा वाटला तरी चालेल, नंतर उजळता येतो.

निळसरपणा व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवण्याच्या सोयीचा. समोर सगळीकडे पिवळं-तांबूस दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं हा उजेडाचाच दोष, आणि तो निळा मिसळून ते "दुरुस्त" करतो. ऑटो बंद करून उन्हात डेलाइट, ढगाळ दिवशी क्लाउडी ठेवा.

मोठा कॅमेरा असेल तर पोलरायझर फिल्टर घ्याच. नंतर संगणकावर रंग वाढवून जे मिळत नाही ते हा देतो, कारण तो रंग वाढवत नाही, रंगावरची चकाकी काढतो. सूर्य तुमच्या खांद्याच्या रेषेत असताना त्याचा परिणाम सगळ्यात जास्त. फिरवत राहा आणि पानं पुरेशी गडद दिसली की थांबा. पूर्ण टोकाला नेलंत तर रुंद लेन्समध्ये आकाशाचा एक तुकडा काळा आणि बाकीचा फिका येतो. फिल्टरमुळे एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). वाऱ्यात पान हलत असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. सॅच्युरेशनची पट्टी शेवटपर्यंत ओढण्याचा मोह मात्र आवरा.

प्रश्न : पानं वहीत दाबून ठेवते, पण आठ दिवसांत तपकिरी होतात. काय चुकतं?

उत्तर : ती सावकाश वाळतात, हे चुकतं. पानात ओल आहे तोवर आतली विकरं (एन्झाइम) काम करत राहतात आणि कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच पान तपकिरी होतं. शिवाय वहीचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही.

पान गळून वाळायला लागायच्या आत उचला, त्याच दिवशी दाबा. आधी दव किंवा पाऊस टिपून घ्या. खाली पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्राचे चार-पाच ताव, पान, पुन्हा तेवढेच ताव, वर पुठ्ठा आणि पाच-सात किलोचं वजन. जाड देठ धारदार पात्यानं लांबीत अर्धं चिरा किंवा काढून टाका. देठाशेजारी पान दाबलं जात नाही आणि तिथूनच सुरकुतायला लागतं. पहिले तीन दिवस रोज कागद बदला. सगळं यश या तीन दिवसांत आहे, आणि लोक नेमका इथेच आळस करतात. नंतर एक दिवसाआड. सात ते दहा दिवसांत पान कडक होतं. गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे असं समजा.

घाई असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये पान ठेवून, वाफ बंद करून, कोमट ते मध्यम इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबा, उचला, पान उलटा, पुन्हा दाबा. घासू नका. लाल पानांना ही पद्धत जास्त मानवते.

पान लवचीक हवं असेल तर ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, गार झाल्यावर पसरट ताटात पानं पूर्ण बुडवून वर दुसरं ताट ठेवा. तीन ते पाच दिवसांनी काढून टिपून घ्या. पान वर्षभर मऊ राहतं, मात्र रंग एक-दोन छटा गडद होतो. फिक्या पिवळ्या पानांना हे करू नये.

कसंही वाळवलं तरी उन्हात रंग उडणार. लालही उडतो, पिवळाही. चौकट खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका.

प्रश्न : पिवळ्या पानांवर हिरवेगार चट्टे दिसतात, काहींवर डांबर सांडल्यासारखे काळे ठिपके. रोग आहे का?

उत्तर : हिरवे चट्टे नीट पाहा, त्यात एखादी नागमोडी पांढुरकी वाट किंवा फुगीर कप्पा दिसेल. पानाच्या दोन थरांमध्ये एक बारीक अळी राहते. बाकीचं पान मावळत असताना ती आपल्या भोवतालचा भाग हिरवा ठेवते, कारण तिचं खाणं अजून संपलेलं नसतं. हे ती सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाच्या जोरावर करते. अशी हिरवी बेटं गळलेल्या पानांतही सापडतात आणि आमच्या मते सबंध पानगळीतली ही सगळ्यात नवलाची गोष्ट आहे. काळे डांबरी ठिपके मेपलवरच्या एका बुरशीचे. दिसायला वाईट, झाडाला फारसा अपाय नाही.

प्रश्न : सगळं झाड हिरवं असताना एकच फांदी भर उन्हाळ्यात लाल झाली आहे. रंग लवकर आला, असं समजायचं?

उत्तर : नाही, ती तक्रार आहे. फांदीची साल कुठे तरी सोलली, चिरडली किंवा तारेनं आवळली गेली असेल. सालीतून साखर खाली जाते. ती वाट अडली की साखर पानात तुंबते आणि वर सांगितल्याप्रमाणे लाल बनतो. फांदी बुंध्यापर्यंत तपासा, तार-दोरी असेल तर काढा. पूर्ण झाडच दरवर्षी इतरांच्या महिनाभर आधी रंगत असेल तर मुळांकडे बघावं लागेल. याउलट पाइनच्या आतल्या बाजूच्या सुया या दिवसांत पिवळ्या पडल्या तर घाबरू नका. त्या दोन-तीन वर्षांच्या जुन्या सुया असतात. टोकाच्या नव्या सुया पिवळ्या पडल्या तर मात्र काही तरी बिघडलं आहे.

प्रश्न : मुलांना हे रंग वेगळे करून दाखवता येतील का, घरच्या साहित्यात?

उत्तर : येतील, आणि दोन प्रयोग मिळून "जुना पिवळा, नवा लाल" हा मुद्दा स्वच्छ दिसतो.

पहिला. हिरवी पानं बारीक फाडून काचेच्या बाटलीत घाला, बुडतील एवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता, चमच्यानं चेचा. बाटलीवर सैल झाकण ठेवून ती गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. पाणी आधी तापवून, शेगडी बंद करून मग. अल्कोहोल पेट घेतं, जवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी. हे मोठ्यांनी करायचं काम. द्रव गडद हिरवा झाला की कॉफी गाळायच्या कागदाची पट्टी अर्धा सेंटिमीटर बुडेल अशी टांगा. तासाभरात हिरवा वर चढतो आणि त्याच्या कडेला पिवळ्याची रेघ सुटते. म्हणजे हिरव्या पानातही पिवळा होता. पट्टी भिंतीला चिकटली किंवा द्रव फिका असेल तर काहीच दिसत नाही; पानं जास्त, अल्कोहोल कमी, हे ध्यानात ठेवा. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीच्या नळीतून पानांचा अर्क गाळून असेच पट्टे मिळवले आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्स्वेत या शब्दाचा रशियनमधला अर्थ "रंग".

दुसरा. गडद लाल पानं फाडून कपभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. पाणी तांबूस होतं, कारण अँथोसायनिन पाण्यात विरघळतं. पिवळी पानं अशीच ठेवा : कॅरोटिनॉइड पाण्यात विरघळत नाहीत, पाणी फार तर चहासारखं मळतं. आता लाल पाणी दोन पेल्यांत वाटा. एकात चमचाभर व्हिनेगर, लाल उजळतो. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा, रंग हिरवट-निळसर होतो, पान जुनं असेल तर नुसता मळकट.

प्रश्न : माझ्या भावाला लाल-हिरवा फरक कळत नाही. त्याला सोबत नेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : नक्की न्या. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे आठ टक्क्यांना असं असतं, म्हणजे मोठ्या गटात एखादा जण असतोच. त्यांना हिरव्या रानातलं लाल झाड उठून दिसत नाही, पण पिवळा आणि निळा यांतला फरक उत्तम कळतो. तेव्हा निळ्या आकाशासमोरचा लार्च, बर्च, गिंको अशा जागा निवडा, पाण्यावर तरंगणारी पिवळी पानं दाखवा. रंगांची नावं घेऊन "ते लाल बघ" म्हणू नका, जागा सांगा : दगडाच्या डावीकडचं, वाकलेलं. उजेड-सावली, पानाचा पोत, शिरांची नक्षी यांत ते अनेकदा इतरांपेक्षा तरबेज असतात.

प्रश्न : पालापाचोळ्यात चालताना काय काळजी घ्यावी? वयस्कर मंडळीही सोबत असतात.

उत्तर : ओला पाचोळा म्हणजे साबण. त्याखाली मुळं, खड्डे, सुटे दगड दडलेले असतात. उतारावर पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, आणि वयस्करांच्या हातात काठी हवीच. लाकडी पूल आणि फळ्यांवर पानं असतील तर कठडा धरूनच जा. मऊ झिजलेल्या तळव्याचे बूट या दिवसांत घालू नयेत.

उजेड फसवतो. ४५ ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात या काळात दिवस रोज तीन-चार मिनिटांनी आखडतो, म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी जमलेली वाट आज सुमारे अर्धा तास आधी अंधारते. सूर्यास्ताची वेळ पाहून उलटा हिशेब करा आणि खिशात विजेरी ठेवा. अंगात एक जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ. घामानं भिजलेला सुती सदरा थांबल्यावर अंग गार करतो, म्हणून आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा.

गोचिडांमुळे रोग पसरतात अशा प्रदेशांत थंडी पडली म्हणून निश्चिंत राहू नका. पारा चार अंशांच्या वर असेपर्यंत प्रौढ गोचिडी फिरत असतात. विजार मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागचा भाग आणि केसांची कड तपासा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चटका काही नको.

उत्तर अमेरिकेत फिरणाऱ्यांसाठी आणखी एक. पॉयझन आयव्ही हा वेल या दिवसांत फार सुंदर लाल होतो आणि लोक तो हौसेनं तोडतात. त्याची पानं तीन-तीनच्या जुडग्यात असतात, मधल्या पानाचं देठ लांब. पाच पानांचं जुडगं असेल तर तो निरुपद्रवी व्हर्जिनिया क्रीपर असण्याचा संभव जास्त. हात लागलाच तर ताबडतोब साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा.

प्रश्न : जी पानं टाकूनच द्यायची, त्यांत झाड नवा रंग कशाला बनवतं?

उत्तर : यावर अजून एकमत नाही. एक मत असं की लाल द्रव्य छत्रीसारखं काम करतं : आवराआवर चालू असताना पानातली यंत्रणा नाजूक झालेली असते, थंडीत जास्तीचं ऊन तिला भाजतं, लाल थर ते अडवतो आणि नायट्रोजन बाहेर काढायला सवड मिळते. दुसरं मत २००१ साली विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी मांडलं : भडक रंग हा अंडी घालायला येणाऱ्या माव्यासारख्या कीटकांना "इथे तुझी डाळ शिजणार नाही" असं सांगणारा इशारा. सावलीतला भाग पिवळाच राहतो, ही गोष्ट पहिल्या मताच्या बाजूनं जाते. आमचा कल तिकडेच आहे.

प्रश्न : जिथे थंडी पडतच नाही तिथे काय पाहायचं?

उत्तर : उष्ण कटिबंधात पानगळ थंडीवर नव्हे, कोरड्या हवेवर चालते. देशी बदाम पानं गाळण्याआधी अस्सल लाल होतो, एकेक पान करून. आणि तिथे कोवळ्या पालवीकडे पाहा : आंबा, कुसुम, पिंपळ यांची नवी पानं तांबूस असतात. द्रव्य तेच, अँथोसायनिन, फक्त पानाच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला.

प्रश्न : पानं गळून गेल्यावर फिरायला जाण्यात काही उरतं का?

उत्तर : आधी हे पाहा की सगळी गळलेली नसतात. कोवळे ओक आणि बीच वाळकी पानं वसंतापर्यंत धरून ठेवतात; देठाच्या बुडाशी तुटण्याचा थर पुरा होत नाही. रस्त्यावरच्या दिव्याला लागून असलेल्या फांद्यांवरही पानं जास्त दिवस टिकलेली दिसतात, कारण त्यांना दिवस लहान झाल्याची खबर उशिरा लागते.

मग फांदी जवळ घ्या. पान जिथून सुटलं तिथे एक व्रण असतो, बुचासारख्या थरानं नीट बंद केलेला, आणि त्यावर तुटलेल्या वाहिन्यांचे ठिपके. हॉर्स चेस्टनटचा व्रण घोड्याच्या नालासारखा दिसतो, ठिपके खिळ्यांसारखे. व्रणाच्या लगेच वर पुढल्या वर्षीचा डोळा, म्हणजे मिटलेला अंकुर, असतो, आणि तो आता बनलेला नाही, उन्हाळ्यातच बनून तयार आहे. ॲशचे डोळे काजळासारखे काळे, बीचचे लांब आणि सुईसारखे टोकदार, त्यामुळे पानांशिवायही झाड ओळखता येतं.

प्लेन वृक्षाखाली गेलात तर खाली पडलेल्या पानाचं देठ उचलून त्याचं टोक पाहा. ते पोकळ असतं, टोपीसारखं. त्या झाडाचा डोळा देठाच्या बुडातच झाकलेला असतो, आणि पान गळतं तेव्हाच तो पहिल्यांदा उघड्यावर येतो.